शंतनुराव किर्लोस्कर : पाच हॉर्सपॉवरपासून युद्धनौकेपर्यंत

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी बँकेतल्या आठवणी लिहून द्या, असं संपादक मंडळाने मला सांगितलं होतं. पण बँकवाल्याच्या आठवणी म्हणजे बदल्या, बढत्या आणि ऑडिट. त्या आपल्यापैकी बहुतेकांनी कोजागिरीला गच्चीवर ऐकून झालेल्या आहेत. म्हणून त्याऐवजी एका मोठ्या माणसाचं चरित्र थोडक्यात लिहायचं ठरवलं. तो माणूस म्हणजे उद्योगपती शंतनुराव किर्लोस्कर.

हाच माणूस का, ते आधी सांगतो. आपण हिंदमातावाले. जुलैत दोन तास जोराचा पाऊस झाला की आपल्या नाक्यावर पाणी भरतं आणि पालिकेचे पंप सुरू होतात. अलीकडे प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या झाल्यापासून त्रास कमी झाला, पण रस्त्याच्या कडेला धडधडणारा डिझेल पंप आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वीज गेली की लिफ्ट चालू ठेवणारा आपला जनरेटरही डिझेलवरच चालतो. हे इंजिन आपल्या देशात कारखान्यात हजारोंनी तयार व्हायला लागलं आणि पुढे जहाजावर चढण्याइतकं मोठं झालं, त्यामागे ज्या मोजक्या लोकांचे कष्ट आहेत त्यांत हा मराठी माणूस फार वरच्या जागी आहे. आमच्या पिढीला किर्लोस्कर म्हटलं की आधी ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिकं आठवतात. आमच्या नातवंडांना तेवढंही आठवत नाही. म्हणून हा खटाटोप.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूरला झाला. त्यांचे वडील लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा आपल्या मुंबईशी चांगलाच संबंध होता. ते चित्रकला शिकायला जे. जे. स्कूलमध्ये आले, पण रंगांधळेपणामुळे ते जमेना. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेव्हा ही संस्था भायखळ्याला होती. १९२३ मध्ये ती माटुंग्याला आली. आपल्याकडची कितीतरी मुलं जिथे शिकली तेच हे व्हीजेटीआय. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला आपले बंधू रामुअण्णा यांच्याबरोबर सायकलच्या दुकानात लक्ष घातलं. त्यातून कडबा कापण्याची यंत्रं आली, मग लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर बनवून ठेवले तरी गिऱ्हाईक मिळेना.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, वर दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. बिनव्याजी हा शब्द वाचला की माझ्यासारखा बँकवाला जरा थबकतो; पण त्या कर्जाचं तारण म्हणजे फक्त माणसाची पारख होती. १९१० साली त्या निवडुंगाने भरलेल्या, सापांच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. शंतनू तेव्हा सात वर्षांचा होता. घर, शाळा आणि भट्टी एकाच आवारात असलेलं ते बालपण. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं लोखंड थांबलं तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या, त्या वितळवून नांगर झाले. पोरवयात हे बघितलेल्या मुलाला लोखंडाची भीती कशाला वाटेल! पुढे आत्मचरित्राला त्यांनी ‘कॅक्टस अँड रोझेस’ असं नाव दिलं, त्यातला कॅक्टस या माळावरचाच.

१९२२ मध्ये शंतनुराव चुलतभाऊ माधव याच्याबरोबर अमेरिकेला, बोस्टनजवळच्या एमआयटीत शिकायला गेले. तिथे जाणारे हिंदी विद्यार्थी तेव्हा बोटांवर मोजण्याएवढे. माधवला क्षयाने गाठलं आणि तो गेला. शंतनुराव एकटेच राहिले, अभ्यास पुरा केला आणि १९२६ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले. मुंबईत नाहीतर परदेशात चांगली नोकरी मिळाली असती. पण ते वाडीला आले आणि वडिलांच्या हाताखाली कामाला लागले. नांगर, उसाचे चरक, पाण्याचे पंप, आणि मंदीच्या काळात लोखंडी फर्निचरसुद्धा; जे खपेल ते करायचं, पण नीट करायचं, असा तो काळ होता.

पंप आले, पण पंप फिरवायला काहीतरी हवं. खेड्यात वीज नव्हती. आपल्या महाराष्ट्रात डिझेल इंजिन आधी सातारा रोडच्या कूपर कारखान्याने तीसच्या दशकात बनवलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. पण देशाची गरज लाखांची होती आणि बहुतेक इंजिनं परदेशातून येत होती. १९४६ मध्ये शंतनुरावांनी पुण्याला खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी काढली. त्यासाठी ब्रिटिश कंपनीशी तांत्रिक सहकार्याचा करार केला. त्याच साली बंगळूरची किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाली, आणि त्याच्या आधी १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवणारी मैसूर किर्लोस्कर उभी राहिली होती. हा क्रम लक्षात घ्या. आधी लेथ, मग इंजिन. इंजिन बनवायला आधी ते कापणारं, तासणारं यंत्र हवं, ही इंजिनिअरची दृष्टी.

इथे डिझेल इंजिनाबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जर्मन इंजिनिअर रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये पहिलं यशस्वी इंजिन चालवून दाखवलं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलच्या इंजिनात लागत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती आपोआप पाचशे अंशांच्या वर तापते, आणि मग तिच्यात तेलाचा बारीक फवारा सोडायचा. तेल आपणहून पेटतं. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं ना, तेच तत्त्व. ऐकायला सोपं आहे. पण तो फवारा मारणाऱ्या पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीसाव्या हिश्शाएवढी. तेवढी अचूकता रोज, प्रत्येक नगात आणायची, यालाच कारखाना म्हणतात.

खडकीचा जम बसायच्या आतच घाला आला. जानेवारी १९४८ च्या अखेरीस गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. त्यात जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळला. लक्ष्मणराव तेव्हा सत्तरी ओलांडलेले. अडतीस वर्षांचं काम डोळ्यांदेखत राख झालेलं. आजूबाजूच्या गावांतली माणसं त्याच कारखान्यात पोट भरत होती, म्हणून हे दुःख दुहेरी होतं. अशा वेळी एखाद्याने वाडीला कायमचा रामराम ठोकला असता तरी कोणी दोष दिला नसता. पुणे, बंगळूर, हरिहर अशा जागा हाताशी होत्याच. पण किर्लोस्करांनी वाडी सोडली नाही. कारखाना पुन्हा उभा केला, आणि तिथे आजही पंप बनतात. माझ्या मते शंतनुरावांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण हिशेब हाच. नफातोट्याच्या ताळेबंदात तो कुठे मांडता येत नाही.

खडकीच्या इंजिनांत सगळ्यांत गाजलं ते पाच हॉर्सपॉवरचं एव्ही-वन. एक सिलिंडर, मिनिटाला पंधराशे फेरे. इंजिनिअरिंग कॉलेजात गेलेल्या आपल्या मुलांना ते प्रयोगशाळेत भेटलं असेल. देशभर कितीतरी कॉलेजांत ते आहे. मला ते भेटलं शेतात. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ साली झालं आणि शेतीकर्जाचा रेटा सुरू झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर मी तासगाव तालुक्यातल्या एका शाखेत होतो. सातबारा, विहिरीचा दाखला, दुकानदाराचं कोटेशन, शेतकऱ्याचं मार्जिन, की झालं इंजिन-पंपाचं कर्ज मंजूर. मग इन्स्पेक्शनला जायचं, इंजिनाचा नंबर पाटीवरून उतरवून घ्यायचा आणि अंगावर बँकेचं नाव रंगवलंय का ते बघायचं. शेतकरी हँडल फिरवायचा, वेग आला की डीकॉम्प्रेशनचा खटका सोडायचा, आणि काळा धूर काढून इंजिन चालू. विहिरीचं पाणी पाटात पडलं की बाईमाणसं हळदकुंकू वाहायची.

त्या वेळी राजकोटची मंदगती इंजिनं किमतीने स्वस्त मिळायची आणि बरेच शेतकरी ती घ्यायचे. कुठलं चांगलं यावर पारावर वाद व्हायचे. मी वसुलीच्या बाजूने बघायचो. ऐन रब्बीत इंजिन बंद पडलं, चार दिवस पाणी थांबलं, की हप्ता थकलाच म्हणून समजा. ज्या इंजिनाचा स्पेअर पार्ट तालुक्याच्या बाजारात मिळतो आणि जे खोलणारा मिस्त्री दोन कोसांवर आहे, त्या इंजिनाचं कर्ज बुडत नाही. किर्लोस्करांनी इंजिनाबरोबर विक्रेते, सुटे भाग आणि मिस्त्री यांचं जाळं खेड्यापर्यंत विणलं, हे मला त्या फायलींनी शिकवलं. इंजिन म्हणजे नुसतं लोखंड नव्हे, ते चालू ठेवणारी माणसंही त्यात आली. शंतनुरावांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली मला यातच दिसते.

आता मोठ्या इंजिनांकडे येऊ. साठच्या दशकात देशात धरणं, कोळशाच्या खाणी, लोखंडाच्या खाणी यांची कामं जोरात निघाली. खाणीतल्या डंपरला, बुलडोझरला, ड्रिलिंगच्या यंत्राला पाच-दहा हॉर्सपॉवरचं इंजिन काय पुरणार? तिथे शेकड्यांनी हॉर्सपॉवर लागते. १९६२ मध्ये शंतनुरावांनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कमिन्स कंपनीशी भागीदारी करून पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सची स्थापना केली. निम्मं भांडवल अमेरिकेचं, उरलेलं किर्लोस्करांचं आणि जनतेचं. कोथरूड तेव्हा पुण्याबाहेरचं गाव होतं, हे आज तिथे फ्लॅट शोधणाऱ्यांना खरं वाटणार नाही.

सुरुवातीची वर्षं सोपी नव्हती. परकीय चलनाची टंचाई, प्रत्येक आयात भागासाठी परवाना, आणि भाग इथेच बनवायचा तर तेवढ्या ताकदीचं ओतीव काम करणारी फाउंड्री शोधायची. मोठं इंजिन म्हणजे लहान इंजिन फुगवलेलं नसतं. एव्ही-वनच्या सिलिंडरचं तोंड ऐंशी मिलिमीटर, म्हणजे आपल्या आमटीच्या वाटीएवढं. मोठ्या इंजिनात अशी बारा, सोळा, अठरा सिलिंडरं इंग्रजी व्ही अक्षरासारखी दोन ओळींत मांडलेली असतात आणि ती सगळी एकाच क्रँकशाफ्टला फिरवतात. तो शाफ्ट एका सलग पोलादी तुकड्यातून घडवायचा, त्यात केसाएवढीही भेग चालत नाही. धुराच्या जोरावर फिरणारा टर्बोचार्जर जादा हवा आत कोंबतो, त्याच्या फेऱ्या मिनिटाला हजारोंनी. शेतातलं इंजिन बंद पडलं तर एका शेतकऱ्याचं पाणी थांबतं. खाणीतला डंपर बंद पडला तर मागची रांग थांबते. समुद्रात जहाज बंद पडलं तर विचारायलाच नको.

रेल्वेचं उदाहरण घ्या. मुंबईकराला डिझेलच्या गाडीचं फार अप्रूप नाही, कारण व्ही.टी.–कुर्ला मार्गावर १९२५ मध्येच विजेची गाडी धावली. पण आपल्या परळ वर्कशॉपमध्ये आधी वाफेच्या आणि नंतर डिझेलच्या इंजिनांची मोठी दुरुस्ती व्हायची, हे लालबाग-परळच्या जुन्या लोकांना माहीत आहे. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडलेली डिझेल लोकोमोटिव्हं २,६०० हॉर्सपॉवरची होती. बँकवाल्याच्या त्रैराशिकाने सांगायचं तर एका लोकोमोटिव्हमध्ये शेतावरची ५२० इंजिनं. ते इंजिन थेट चाक फिरवत नाही. ते जनरेटर फिरवतं आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी चालतात. ती लोकोमोटिव्हं किर्लोस्करांची नव्हती, त्यांचं तंत्र अमेरिकेच्या अल्को कंपनीचं. पण नंतर वीज नसलेल्या मार्गांवर धावलेल्या डेमू गाड्यांत कमिन्सची १,४०० हॉर्सपॉवरची इंजिनं बसली.

आणि आता आपल्या शेजारचं माझगाव. जगातलं पहिलं मोठं डिझेल जहाज, डेन्मार्कचं सेलांडिया, १९१२ साली कोपनहेगनहून बँकॉकला गेलं होतं. आपल्याकडे जहाजासाठी एवढं मोठं इंजिन देशात बनवणं हे फार वर्षं स्वप्नच होतं. खडकीच्या कंपनीने फ्रान्सच्या पील्स्टिक कंपनीचा परवाना घेतला आणि नौदलासाठी मोठ्या इंजिनांच्या कामात उतरली. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘खुकरी’ ही युद्धनौका ऑगस्ट १९८९ मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्यात याच पील्स्टिक जातीची इंजिनं होती: एकेकात अठरा सिलिंडरं, आणि प्रत्येक सिलिंडरचं तोंड २८० मिलिमीटर, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढं. वाटीपासून ताटापर्यंतचा हा प्रवास व्हायला चाळीस वर्षं लागली. खुकरीने बत्तीस वर्षं सेवा केली, २०२१ च्या डिसेंबरात ती निवृत्त झाली आणि आता दीवला आहे. शाळेची सहल तिकडे गेली तर मुलांना हे जरूर सांगा.

शंतनुरावांवर टीकाही झाली, ती झाकून ठेवायचं कारण नाही. ते नेहमी परदेशी तंत्र विकत घेतात, स्वतःचं कधी शोधणार, असं म्हणणारे होते. हा प्रश्न रास्तच आहे आणि तो आजही आपल्या उद्योगांना लागू आहे. पण दुसरी बाजू अशी की उसनं तंत्र पचवायलाही माणसं तयार करावी लागतात. ओतारी, फिटर, ड्राफ्ट्समन, तपासनीस. पुणे-पिंपरी-चिंचवड पट्ट्यात आज जे हजारो लहान कारखाने आहेत, त्यांतल्या कितीतरी जणांचे मालक कोणत्या ना कोणत्या मोठ्या कारखान्यात आधी हात काळे करून आलेले आहेत. सरकारी परवाना पद्धतीवर शंतनुराव उघडपणे बोलत. त्या काळी बहुतेक उद्योगपती दिल्लीला दुखवायला भीत. ‘फिक्की’चे ते १९६५–६६ मध्ये अध्यक्ष होते आणि १९६५ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळालं. ज्या मोकळीकीसाठी ते भांडले ती १९९१ मध्ये आली, तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याऐंशी होतं. आमच्यासारख्या राष्ट्रीयीकृत बँकेत पोट भरलेल्यांना त्यांची सगळी मतं पटतील असं नाही. मला पटत नाहीत. सरकारी बँक नसती तर तासगावच्या त्या शेतकऱ्याला त्यांचं इंजिन घ्यायला कर्ज कोणी दिलं असतं?

घरच्या बाजूने देवाने त्यांची परीक्षाच पाहिली. चंद्रकांत आणि श्रीकांत हे दोन्ही कर्ते मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. ऐंशीच्या घरातला बाप, मागे एवढा पसारा आणि नातवंडं हाताशी आलेली. त्यांनी कामावर जाणं सोडलं नाही. पुण्याच्या मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या बंगल्याचं नाव ‘लकाकी’. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर या वडिलांच्या नावाची ती आद्याक्षरं. २४ एप्रिल १९९४ रोजी शंतनुरावांचं निधन झालं. त्यांच्या जन्मशताब्दीला, २००३ मध्ये, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. कमिन्सची भागीदारी १९९७ मध्ये संपली, पण कोथरूडमध्ये लावलेलं रोप पुण्यातच मोठं झालं.

आता दिवस बदलले. रेल्वे जवळजवळ सगळी विजेवर आली, डिझेलच्या धुराचे तोटे आपल्याला कळले आहेत, गिरणगावातल्या चिमण्या तर कधीच थंड झाल्या. आपल्या मुलांच्या हातून पुढे जी यंत्रं घडतील ती कदाचित बॅटरीवर चालतील, नाहीतर हायड्रोजनवर. चालू देत. पण कुठलंही मोठं यंत्र एकदम उभं राहत नाही. आधी कोणीतरी लहान यंत्र नीट बनवावं लागतं, ते दुरुस्त करणारी माणसं गावोगाव तयार करावी लागतात, आणि जळून गेलं तरी त्याच जागेवर पुन्हा पाया खणायची तयारी लागते. आपल्या सोसायटीत सध्या सात-आठ मुलं-मुली इंजिनिअरिंगला आहेत. त्यांनी पॅकेजचा आकडा जरूर बघावा, पण एकदा किर्लोस्करवाडीलाही जाऊन यावं. पूर्वीच्या कुंडल रोड स्टेशनाला आता किर्लोस्करवाडीच म्हणतात. तिथे उतरलं की समोरच तो माळ आहे.

शंतनुरावांच्या स्मृतीला माझे आणि आपल्या सर्व सभासदांचे विनम्र अभिवादन.